ठिपके पांढरेच

३ मार्च, सोमवार

पांढरे! सगळेच्या सगळे पांढरे! लॅबमध्ये चक्क नाचले.

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझं मलाच कळायचं नाही. बॅक्टेरियात लॅक्टोज पचवायचं एक जनुक असतं. एरवी रिप्रेसर नावाचं प्रोटीन तिथे डीएनएवर ठाण मांडून बसतं – जनुक बंद. लॅक्टोज आलं की ते उठतं, जनुक चालू, आणि प्लेटवर, म्हणजे त्यांचं खाद्य ओतून थिजवलेल्या बशीत, बॅक्टेरियाचे ठिपके त्यातल्या रंगद्रव्यामुळे निळे दिसतात. मी या प्रोटीनमध्ये एक बारीकसा बदल केलाय. आता लॅक्टोज घातलं तरी गडी हलेना! ठिपके पांढरेच. मूळच्या प्रोटीनचे मात्र छान निळे.

थीसिसच्या या शेवटच्या प्रकरणापायी माझी पीएच.डी. अडून बसली होती. माझ्या गाइड भाग्यलक्ष्मी मॅडम त्यांच्या तेलुगू लाडात म्हणाल्या, "एम्मा वृषाली, शुक्रवारी सगळ्यांसमोर सांग. मग थीसिस लिहायला बस." बस म्हणाल्या! मला!!

४ मार्च

आईने अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. "वृषालीचं प्रोटीन बसलं हो!" समोरच्या पद्मावतीआंटी म्हणे, "कुठे बसलं?" आई म्हणाली, "ते तिलाच ठाऊक."

५ मार्च

मेले!

गिरीश, माझ्या शेजारच्या टेबलावरचा, चहा पिता पिता म्हणतो कसा, "शनिवारी प्लेटा ओतायची पाळी माझी होती ना, त्यात ग्लुकोज टाकलंय. माझ्या प्रयोगाला लागतं. तुला बोललो की नाही, काय की." नाही बोललास, बाबा!

ग्लुकोज मिळालं की बॅक्टेरिया लॅक्टोजकडे ढुंकून बघत नाहीत. जनुक जोरात चालायला आणखी एक प्रोटीन डीएनएवर बसावं लागतं, ते बसतच नाही. म्हणजे माझा रिप्रेसर उठला काय, न उठला काय – ठिपके पांढरेच!

मग मूळचे निळे कसे? आठवलं. ते मी शनिवारच्या आधीच्या, बिनग्लुकोजच्या उरलेल्या प्लेटांवर लावले होते. शिळं आधी संपवायचं – आईची शिकवण! घरी भात, लॅबमध्ये प्लेटा. दोन्ही एकाच वेळी ओतलेल्या प्लेटांवर लावायचे, हे पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. डोंबल माझं!

गिरीश म्हणतो, "परेशान नको होऊ. शुक्रवारी बोलून टाक, नंतर बघू." मोह झाला. खरंच झाला.

६ मार्च

सकाळी जाऊन सांगून टाकलं. मॅडमनी आधी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "आत्ता लाव. दोन्ही, एकाच बॅचवर. तुझेही निळे आले तर उद्या तेच सांगायचं." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्लेटा स्वतः ओतल्या, ग्लुकोज न घालता. गिरीशला आसपास फिरकू दिलं नाही. बिचारा लांबूनच सॉरी म्हणत होता.

आईला म्हटलं, पेढे परत माग. "खाल्लेले कसे मागू गं?"

जेवण गेलं नाही. माझेही निळे आले तर थीसिस पुन्हा लांबली.

७ मार्च, शुक्रवार

मूळचे निळेशार.

माझे पांढरे!

गडी खरंच उठत नाही. आधी आईला फोन केला – पेढे बरोबर होते.