खिडकीतून सरकलेले नवरदेव

इतवारी, नागपूर
२३ फेब्रुवारी १९८८

तीर्थस्वरूप सौ. वच्छलामामींना गोविंदाचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्यांचे दुखणे आणि मामांचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा करतो. (गुडघ्यांची चौकशी मायेने आहे, रागाची भीतीने.) मेळाव्यात काय गोंधळ झाला ते मामांनी सांगितलेच असेल, पण कारण सांगितले नसेल, म्हणून बारकाईने लिहितो.

आमच्या मनोहरराव सरांच्या कॉम्प्युटर क्लासकडे आपल्या समाजाच्या परिचय मेळाव्याचे काम आले. दहावीला बसून बसून मी उठलो असलो तरी शुद्धलेखन चोख, म्हणून नावे भरायला मला बसवले. कॉम्प्युटरच्या आठवणीत सगळे उपवर मुलगे एका रांगेत, मध्ये फट न सोडता, मांडीला मांडी लावून बसवलेले. मुलींची रांग वेगळी. ज्या जागेवरचा मुलगा, त्याच जागेवरच्या मुलीशी त्याची भेट. मामांनी सरांना सांगून मला मुद्दाम चारुशीलेच्या (आपल्या मौद्याच्या महादेवरावांची मुलगी) समोरच्या जागेवर बसवून घेतले होते.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "फोटोसाठी इतवारीच्या पोट्ट्यांचा तेवढा तुकडा घे अन् उंचीनं लाव." तुकडा घ्यायचा म्हणजे कुठून सुरू आणि किती जण, एवढेच यंत्राला सांगायचे. मला वाटले, यंत्राने त्यांची वेगळी नक्कल काढून दिली. मी निर्धास्तपणे बुटके पुढे आणि उंच मागे केले. पण मामी, ती नक्कल नव्हती, नुसती खिडकी होती! खिडकीतून हात घालून डबे हलवले, तर स्वयंपाकघरातलेच डबे हलतात. मुलगे मूळ रांगेतच सरकले, मुली जागच्या जागी राहिल्या आणि भेटींचा तक्ता तसाच छापला गेला. (मी किती पुढे सरकलो असेन हे माझी उंची पाहता तुम्ही ओळखालच.)

मेळाव्यात चारुशीलेसमोर आमच्या इतवारीतल्याच भांड्यांच्या दुकानाचा उंचपुरा ओमप्रकाश बसला (दोघे हसत होते, हे मामांनी सांगितले नसणार). मी बेसा गावच्या प्रमोदिनीसमोर. तिने विचारले, "इतके काहून घामेजून राहिले जी?" खोटे बोलता येईना, तेव्हा खिडकीचा सगळा प्रकार तिला पहिल्यापासून समजावला. सगळे ऐकून ती म्हणाली, "म्हंजे मी तुमची चूक होय का?" मी सवयीने म्हणालो, "तपासून सांगतो." ती इतकी हसली, की शेजारची जोडी बोलायची थांबली. तेवढ्यात सर ओरडत आले, "अबे गाढवा, आधी नक्कल काढाले काय झालं होतं तुले!" मामा चहाला न थांबता एसटीत बसले. चूक सर्वस्वी माझी आहे आणि मला तिचा फार पश्चात्ताप होतो.

आपला आज्ञाधारक,
गोविंदा

ता. क. – पश्चात्तापाचे मामांना जरूर सांगा. पण येत्या रविवारी ते महादेवरावांकडे माझ्यासाठी पुन्हा भेट मागायला निघाले आहेत, ते काहीही करून थांबवा आणि त्यांना बेसाला पाठवा. मी नीट तपासले. प्रमोदिनी चूक नाही.

पुन्हा ता. क. – सरांनी दुरुस्त तक्ता छापून त्याच दुपारी सगळ्या भेटी नव्याने घ्यायचे ठरवले होते. छपाईची रिबन सापडेना, म्हणून राहिले. ती माझ्या खिशात होती. पांढऱ्या शर्टावरचा शाईचा डाग कशाने जातो, ते उलट टपाली कळवा. बेसाला घालून जायला दुसरा बरा शर्ट नाही.