खारनीचं शुद्धिपत्र

जूचंद्र,
बुधवार, १८ मार्च २०२६

चि. क्षितिजा,

आशीर्वाद नंतर घे, आधी आरोपपत्र ऐक. तुझ्या कादंबरीच्या ऋणनिर्देशात माझं नाव ‘आत्मराम’ छापलंय. चोपन्न वर्षं सांभाळलेला काना तुझ्या प्रकाशकाने एका फटक्यात उडवला. अख्ख्या पुस्तकाची मुद्रितं ज्याने तपासली, त्याच्याच नावात चूक. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाकी पुस्तक देखणं झालंय. सात वर्षं ऑफिसातून आचोळ्याच्या फ्लॅटवर परतून, कुकरच्या शिट्ट्या मोजत ओट्याशी उभ्याने लिहिलंस. एक प्रकाशक म्हणाला, मराठीत भुतं चालतात, नवी जगं चालत नाहीत. दुसरा म्हणाला, लहान मुलांचं करून द्या. तरी तू आजीच्या गोष्टीतली खाडीची बाई सोडली नाहीस. तिच्याभोवती सात राज्यं आणि मिठाचा किल्ला उभा केलास. पहिलं पुस्तक हातात आलं तेव्हा मी ते उघडायच्या आधी नुसतं हुंगलं. वहिनींना सांगू नकोस.

आता त्या बाईबद्दल. तू लिहिलं होतंस ‘खारनी’, आजी म्हणायची तसं. मी पडलो संस्कृतचा मास्तर. ‘र’मागून आलेल्या ‘न’चा ‘ण’ होतो, हे तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतोय. आपल्या गावात पाण्याचं पानी आणि लोण्याचं लोनी होतं, तेव्हा हीसुद्धा मूळची ‘खारणी’च असणार, असं ठरवून दोनशे अकरा ठिकाणी मी लाल शाईने ‘ण’ केला. तू कुरकुरलीस. मी म्हटलं, राक्षसीण झाली म्हणून काय, तिलाही व्याकरण असतं.

मी मुद्रितं मोठ्याने वाचतो, हे तुला ठाऊक आहे. जानेवारीतल्या एका दुपारी, भरतीच्या वेळी, पडवीत सातवं प्रकरण वाचत होतो. ते नाव उच्चारलं आणि खाडीच्या बांधाकडून तुझा आवाज आला, ‘ओ, काका.’ मी उठून दोन कप चहाचं आधण ठेवलं. बाहेर कुणी नव्हतं. फोन केला, तर तू अंधेरीला मीटिंगमध्ये. कान तपासून घ्या म्हणालीस. दोघंही हसलो.

पुढचं तुला सांगितलं नाही. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी भरतीला ती हाक येते. ‘काका.’ एवढीच. नंतर पायरीवर मिठाचा पांढरा ओघळ वाळलेला असतो. काका फोन का उचलत नाहीत, असं तू आईला विचारलंस म्हणे. रागावलेलो नाही गं. तुझा आवाज कानावर पडला की आधी उठून बांधाकडे बघावं लागतं, म्हणून.

आज शाळेतून आलो, तर शेजारची बायजाआत्या पडवीत येऊन बसलेली. सकाळी बांधावरून मला कशाला हाका मारत होतास, म्हणून फैलावर घेतलं. सकाळी मी आठवीच्या वर्गावर होतो. मग तिला सगळं सांगितलं, सवयीने व्याकरणासकट. नाव पुरं व्हायच्या आत तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

‘तुजा ता जड अक्षर आमचे तोंडात नाय, म्हनून आमी जगलो. तिचा नाव पुरा घेतला का ती ओ देते. मंग नाव घेनाऱ्याला ती त्याचे लाडके मानसाचे आवाजात हाका मारते. तिचे हाकेला ज्याने ओ दिली, त्याचा आवाज तिचा झाला.’

मग तिने विचारलं, तू दिलीस का ओ? मी नाही म्हटलं.

म्हणून आता प्रत्येक प्रतीत एक चिठ्ठी चिकटव: ‘खारणी’ छापले आहे तेथे ‘खारनी’ वाचावे. शुद्धाचं अशुद्ध करणारं शुद्धिपत्र माझ्या हातून लिहून घेतलंस. हस हवं तर. रविवारी प्रकाशन देवळामागच्या सभागृहात, म्हणजे बांधापासून हाकेच्या अंतरावर. तीनची वेळ दिलीस, भरतीही साधारण तेव्हाच. पहिलं प्रकरण वाचशील ते आजीच्या जिभेने वाच. एकदाही तो जड ‘ण’ नको.

हे पत्र तुझ्या आईच्या, लतिकावहिनींच्याच हाती देतोय. त्यांना काही सांगितलेलं नाही.

आत्याशी मी खोटं बोललो. काल तापाने घरी पडून होतो. गुंगीत तुझी हाक ऐकली आणि तोंडातून निघून गेलं, ‘आलो गं.’ त्यानंतरची पहिली हाक आज सकाळची, आत्याने ऐकली ती, माझ्या आवाजातली.

रविवारी मी पहिल्या रांगेत बसेन, तोंड मिटून. कुणी दोन शब्द बोला म्हणालं तरी उठणार नाही. मात्र तुझं वाचन चालू असताना बाहेरून माझी हाक आली, तर जागची हलू नकोस. आधी समोर बघ, मी खुर्चीत बसलेला असेन.

तू एवढीशी होतीस तेव्हापासून, खेळात अस, रुसलेली अस, मी एकदा ‘क्षिती’ म्हटलं आणि तू आली नाहीस, असं कधी झालं नाही. मला भीती वाटते ती एवढ्याचीच.

अक्षर माझंच आहे, ओळखशील.

तुझा
आत्मारामकाका