आजोबांचा घास

सूर्यमाळ, रविवार, ४ मे २००३

पोचलो एकदाचे! वर्गातल्या पोरांना दर वर्षी बजावते, सुट्टीत रोज चार ओळी लिहा. स्वतः मात्र कधी लिहीत नाही. या खेपेला कोरी वही घेऊनच निघाले.

हेमंतने घेतलेल्या सेकंडहँड गाडीची ही पहिली मोठी सफर. ठाण्याहून सकाळी सहाला निघालो. वाडा, विक्रमगड करत जव्हारला येईतो सपना दोनदा ओकली, एकदा पिशवीत आणि एकदा माझ्या ओढणीत. जव्हारला चहाला थांबलो. माझ्या ग्लासच्या काठावर कुणाच्या तरी ओठांचा तेलकट ठसा होता. मी चहा तसाच ठेवला. हेमंत हसला. लग्नाला आठ वर्षं झाली, पण मी त्याच्या ताटातला पापडसुद्धा उचलत नाही, हे त्याला पाठ आहे. मला उष्ट्याची किळस आहे. आहे तर आहे! घरात तिघांचे पेले वेगळे आणि प्रत्येकाच्या बुडाशी नेलपॉलिशची खूण. दर सोमवारी वर्गात नखं तपासणारी बाई घरी वेगळी कशी वागेल?

पुढे मोखाडा, खोडाळा आणि मग चढण. रस्त्याकडेला करवंदाच्या जाळ्या, पालापाचोळ्याचा राब भाजून काळी झालेली शेतं. आठ वर्षांत हेमंतने मला इथे आणलं नव्हतं. होळी-दिवाळीला एकटाच यायचा. तिथे पाणी नाही, संडास नाही, तुला जमणार नाही, म्हणायचा. आमच्या लग्नालाही सासूबाई एकट्याच आल्या होत्या आणि दिवसभर तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. गेल्या महिन्यात मात्र त्यांनी खोडाळ्याहून फोन केला. सासऱ्यांना नात बघायची होती. सपनाचे दुधाचे दात पडले का, पुढचे पक्के आले का, हेही विचारून घेतलं. मला गंमत वाटली.

घर छान आहे. कारवीच्या काठ्यांचा कूड, सारवलेली जमीन, दारात मोहाचं झाड. सासूबाईंचं नाव कमू. गोड बाई, साठीच्या असतील, पण तोंडात एकही दात नाही. सासरे, देवजी, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. शरीर सुकलेलं, चेहऱ्याची कातडी मात्र तुळतुळीत. सपनाला बघून आ वासून हसले, तर आत नुसत्या गुलाबी हिरड्या. सपना म्हणाली, आजोबा बाळ आहेत. सगळे हसलो.

विहीर आटली आहे, टँकर तीन दिवसांनी येतो. माझ्या वाट्याला दिवसाला दोन तांबे पाणी. निभेल.

सोमवार, ५ मे



दुपारी सासऱ्यांना भरवायला हेमंत बसला. नाचणीची भाकर आणि उडदाचं वरण. मी दारात उभी होते, लेक बापाला भरवतोय म्हणून कौतुकाने बघत होते. हेमंतने भाकरीचा तुकडा वरणात बुडवून स्वतःच्या तोंडात टाकला. चावला, खूप वेळ चावला. मग दोन बोटं तोंडात घालून तो काळपट गोळा बाहेर काढला आणि सासऱ्यांच्या तोंडात ठेवला. लाळेची तार त्याच्या हनुवटीपासून त्यांच्या ओठांपर्यंत लोंबत होती. सासरे डोळे मिटून मिटक्या मारत होते. मी मागच्या परसात जाऊन सकाळचा चहा, पोहे, सगळं ओकले.

हेमंतला विचारलं, घरात पाटा-वरवंटा नाही का? भाकर दुधात कुस्करता येत नाही का? तो म्हणाला, वाटलेलं कुस्करलेलं बाबांच्या पोटात टिकत नाही. पेजही नाही. त्यांना कुणाच्या तरी तोंडचंच लागतं. आजवर आईने दिलं, सणावाराला आलो की मी देतो. इतकं साधेपणाने म्हणाला, की मलाच वेड्यासारखं झालं.

हेमंतला वरची कवळी आहे. लग्नाआधी एसटीच्या अपघातात दात गेले, असं त्याने सांगितलं होतं. खालचेही दर होळी-दिवाळीनंतर एखाददुसरा कमी होत गेले. मी इतकी वर्षं तंबाखूच्या नावाने त्याला बोलत आले. आता खाली दोनच उरलेत.

तो शेजारी झोपला तरी मी तोंड भिंतीकडे करून झोपणार आहे.

मंगळवार, ६ मे

सकाळी टँकरच्या रांगेत शेजारची रखमी भेटली. मी कुणाची सून हे कळल्यावर तिने आपला हंडा माझ्या हंड्यापासून वीतभर लांब सरकवला. त्या घरचं पाणीसुद्धा आम्ही पीत नाही, म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिलाच वाईट वाटलं असावं. हळूच म्हणाली, “पोरीला घेऊन जा, बाय. म्हाताऱ्याला लागलीय ती भूक त्याची नाय. दुसऱ्याची हाय.” पुढे विचारलं तर हंडा उचलून चालू लागली.

हंडा घेऊन घरी आले. सपना सासऱ्यांच्या उशाशी बसून चावत होती. हेमंत ताटली धरून बसला होता. सपनाला केवढी मजा वाटत होती, ती आई आणि आजोबा बाळ. आ करा, आ करा, म्हणत तिने आपल्या इवल्या बोटांनी तो चिकट गोळा त्यांच्या हिरड्यांवर ठेवला. बोटं चाटून पुसली.

मी तिला ओढून बाहेर आणलं, तोंडात बोट घालून सगळं खरवडून काढलं, माझे दोन्ही तांबे तिच्या तोंडावर ओतले. तेव्हा माझ्या बोटाला लागलं. तिचा पुढचा दात, आत्ता फेब्रुवारीत आलेला पक्का दात, हलत होता.

आत जाऊन मी सासऱ्यांच्या तोंडात बघितलं. काल कोऱ्या असलेल्या हिरडीत, बरोबर पुढे, तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी वर आलं होतं.

आत्ताच्या आत्ता निघायचं, म्हटलं. गाडी सुरूच होईना. हेमंतने बॉनेट उघडून बघितल्यासारखं केलं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. खोडाळ्याची जीप शुक्रवारी. मी पायी निघाले असते, पण सपनाचं अंग तापलंय. या उन्हात तिला कडेवर घेऊन कुठवर जाऊ? शुक्रवारपर्यंत तिला त्या माणसापासून लांब ठेवायचं, एवढं एकच काम आहे आता मला.

बुधवार, ७ मे

मी केलं. मी, प्रतिभाने.

सकाळपासून सासरे लहान मुलासारखे रडत होते. सपना माझ्या मांडीवर तापाने निपचित आणि तिचा जबडा हलत होता. तोंडात काही नाही, डोळे मिटलेले, पण चावत होती. दातावर दात कराकरा. ते जोरात रडले की ती जोरात चावायची. मी तिचा जबडा दोन्ही हातांनी धरला, तरी थांबेना. हिरडीतून रक्त आलं.

हेमंत चावून बघत होता, पण त्याच्या दोन दातांचं सासरे थुंकून टाकत होते. सासूबाई म्हणाल्या, त्यांना मिळाल्याशिवाय पोर थांबायची नाही. आता दात आहेत ते पोरीला आणि तुला.

मी ताटली घेतली. सासूबाईंनी माझा हात धरला. त्या कधी आवाज चढवत नाहीत, पण आज बोटं रुतली. “चाव. पन गिळू नको. घास त्याच्या नावाचा हाय. कंदी गिळू नको, बाय.”

चावलं. तोंडात लाळ सुटत गेली, भाकरीचा लगदा झाला, कोमट, गुळगुळीत. तो मी बोटांनी काढला आणि दुसऱ्या माणसाच्या तोंडात घातला. त्यांनी माझी बोटंही चोखली. जीभ खरखरीत होती. अकरा घास. प्रत्येक घासाला उमासा येत होता आणि मी तो परतवत होते.

अकराव्याला सपनाचा जबडा थांबला. ती शांत झोपली.

चूळ भरायला अर्धा तांब्या पाणी. मी राखेने जीभ घासली. अजून त्याची चव जात नाही.

गुरुवार, ८ मे

सकाळी बारा घास. दुपारी चौदा. चव गेलीय तोंडाची.

सपनाचा ताप उतरला. दात हलायचा थांबला. देवा, थांबला! ती बाहेर करवंदं खातेय, मला इथून दिसतेय.

माझ्या दोन दाढा गेल्या. दुखलं नाही. घास काढला तर त्यात होत्या. सासूबाईंनी पदरात घेतल्या, जणू रोजचंच.

आणि एक. लहानपणी सुपारी फोडताना माझ्या डाव्या सुळ्याचा टवका उडाला होता. तिरका. आज दुपारी सासरे हसले — त्यांच्या डाव्या बाजूला तोच सुळा. तोच टवका. मी जिभेने चाचपलं. माझ्या तोंडात तिथे नुसता खड्डा —

मला माझ्या तोंडाचीच किळस येते. उद्या जीप. उद्या.

शुक्रवार, ९ मे, दुपार

संपलं.

जीप दोनला येणार होती. पिशव्या भरल्या. एकदा शेवटचं भरवून निघू, म्हणजे वाटेत सपनाचा जबडा सुरू होणार नाही. घास चावत होते, तेवढ्यात सासरे माझ्याकडे न बघता दाराकडे बघून सपनाला हाका मारू लागले. माझ्या दातांनी हसत. आणि ती आली. हसत हसत, आ करून —

माझं डोकं फिरलं. नाही देत जा, म्हटलं. उपाशी मर. आणि तोंडातला घास त्यांच्या डोळ्यांसमोर गिळून टाकला.

सासूबाई किंचाळल्या.

सासरे रागावले नाहीत. पहिल्यांदाच नीट बोलले. म्हणाले, त्यांनीही असाच रागात गिळला होता, त्यांच्या आईसाठी चावलेला. म्हणाले, सुटलो. मग तोंड उघडलं आणि एकेक दात उशीवर पडत गेले. त्यांत माझेही होते. सगळे पडल्यावर श्वास थांबला.

जीप हॉर्न वाजवून निघून गेली.

शनिवार, १० मे

सकाळी त्यांना नेलं. गाडीची काढलेली वायर हेमंतने परत लावली. मी भांडले नाही. ताकद नाही.

भाकर घेतली, माती लागली. ओकले. पेज घेतली, ओकले. केळं. ओकले. भूक मात्र — अशी भूक मला कधीच —

सासूबाई म्हणाल्या, दहाव्याला थांबू नका, जा. माझ्या नजरेला नजर देत नाहीत. हेमंतला कोपऱ्यात घेऊन सांगत होत्या, पोरीला आईजवळ बसवू नको. मी ऐकलं.

माझी पोर. माझ्याजवळ नाही?

रात्रभर माझे दात एकेक गळत होते. उरलेले चारही सकाळी —

रविवार, ११ मे

जव्हार. गाडी झाडाखाली. हेमंत माझ्यासाठी दूध बघायला गेलाय. मला माहीत आहे, टिकणार नाही.

मघाशी एका टपरीवर कुणीतरी अर्धवट खाऊन टाकलेला वडा बघितला. लाळ सुटली. मला. किळस कुठे गेली माझी? मी शोधतेय. तीच तेवढी माझी होती —

सपनाला मागे बसवलंय. तिच्या हातात भाकर, आजीने बांधून दिलेली. चावतेय. ऐकू येतंय. कान बंद केले तरी येतंय.

सपना, दूर बस. मी म्हटलं. म्हटलं ना?

ती सीटवरून पुढे वाकलीय. आई उपाशी आहे, म्हणते. डोळ्यांत पाणी आहे तिच्या. दोन बोटं तोंडात घातली —

नको. तिचा दात. तो पक्का आहे, आयुष्यभराचा आहे, मी त्यासाठीच तर —

वास. कोमट, गोड वास. ओठाला लागलं. ती म्हणते, आई, आ कर —

मी तोंड मिटलंय. मी मिटूनच ठेवणार. मी