समोरच्या काचेचे मशीन

मी, मनुबाई भिवाजी तांडेल, वय वर्षे छप्पन्न, मूळची ठाण्याच्या कोळीवाड्यातली, सध्या राहणार दिवा, धंदा गाड्यांच्या काचा पॉलिश करणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी ठाण्याला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. छाती धडधडते, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून लिहायला बसवलेले नाही. उलट मुले म्हणतात, "आई, कशाला असलं अभद्र लिहितेस?" सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. चार ओळी लिहायच्या, उठायचे, गॅस बंद आहे का बघायचे, पुन्हा बसायचे, असे चालले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दिव्याची खोली माझ्या कमाईची आहे. ती मुलगी तुळसा हिची व्हावी. पाण्याची पिंपेही तिचीच. त्यांच्याशिवाय इथे संसार होत नाही. सासरच्यांनी खोली विकायचा विषय काढला तर तिने शांतपणे ऐकून घ्यावे आणि विकू नये.

२. बँकेतली ठेव तुळसा आणि मुलगा बाळ यांनी निम्मी निम्मी घ्यावी. माझ्या पाटल्या बाळच्या होणाऱ्या बायकोला. ती कोण हे त्याने अजून घरात सांगितलेले नाही, पण शहाड स्टेशनवर मी दोघांना पाहिले आहे. मुलगी चांगली वाटते.

३. खाडीतल्या होडीत माझ्या पतीचा हिस्सा आहे. तो धाकटे दीर धाकू यांना द्यावा, पण एका अटीवर. भिवाजी दारू पिऊन गेला, असे त्यांनी यापुढे चारचौघांत म्हणू नये.

याचे कारण लिहिले पाहिजे. माझे पती बर्फ आणि मासळीचा टेम्पो चालवत. एक्याऐंशी साली संध्याकाळी कल्याणहून परतताना, शीळफाटा सोडून मुंब्र्याकडे येत असता, मावळतीचे ऊन समोर होते आणि रस्त्यात उभी हातगाडी त्यांना अगदी जवळ येईपर्यंत दिसली नाही. ती चुकवताना टेम्पो उताराला जाऊन कलंडला. ते दारातून बाहेर फेकले गेले आणि जागीच गेले. समोरची काच मात्र शाबूत राहिली. मयताच्या दिवशीच धाकूभाऊजी म्हणाले, "वहिनी, दादा प्यायलेला असणार." लोकांनी ते उचलून धरले.

पोलीस चौकीच्या आवारात टेम्पो उभा होता, तिथे मी गेले. दिवस कलत होता. मी त्यांच्या जागेवर बसले. वायपरने काचेवर वर्षानुवर्षे ओरखडे काढलेले होते, आणि त्या प्रत्येक ओरखड्यात ऊन पेटले होते. पलीकडे उभा असलेला हवालदार मला दिसेना. नुसते पांढरे. तेव्हापासून काच हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही.

कल्याणला धोंडिबा शेलार चष्म्याच्या काचा घासून देत. मी त्यांच्याकडे जाऊन शिकले. "बाई, घाई केलीत की काच सूड घेते," असे ते अजूनही म्हणतात. पुढे जुन्या मोटरला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती बसवून शहाडला गाळा सुरू केला. माझ्या हातून निघालेल्या काचेतून ड्रायव्हरला संध्याकाळीही रस्ता दिसतो.

४. आता त्या गाळ्याविषयी. जुनी मोटर जळायला आली आहे. नवे मशीन घ्यायचे म्हणून गेल्या महिन्यात बाळ आणि मी ठाण्याच्या एका दुकानात गेलो. पिशवीत वायपरचे ओरखडे असलेल्या भंगारातल्या काचांचे दोन तुकडे घेतले होते. दुकानदार म्हणाला, "मावशी, मिक्सर पुढच्या दुकानात."

मी म्हटले, "या काचेवर चालवून दाखवा, मग बोलू."

त्याने आधी वेगाचे ग्राइंडर लावले. बघता बघता ओरखडा गेला. बाळ खूश झाला. "आई, हेच! दिवसाला किती गाड्या निघतील बघ."

मी काचेला मागून हात लावला. तवा. असल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तरी ती तडकते. मग ती उभी धरून मी बाळला तिच्यातून पलीकडचा विजेचा खांब बघायला सांगितले. जिथे मशीन दाबले होते तिथे काच खोलगट झाली होती. खांब मध्येच वाकत होता.

"दिसला?"

"दिसला. पण एवढं कोण बघतं?"

दुसरे मशीन जड, मंद. वेग कमी-जास्त करायचे चाक त्याला होते आणि चकती रुंद होती. पाणी मारत, पावडर लावत, हात फिरता ठेवून काम करावे लागले. दुकानदार कंटाळला. पण काच कोमट राहिली आणि खांब सरळ. बाळ चिडून म्हणाला, "या चालीने आपण गाळा बंद करू!" काही न घेता आम्ही परतलो. महिनाभर घरात धड बोलणे नाही.

म्हणून सकाळी मी या कलमात लिहिले होते की गाळा बाळचा, पण मशीन तुळसा निवडील. आज दुपारी हे कलम मी बाळला वाचून दाखवले. मग त्याने कधी न विचारलेले विचारले.

"आई, खरं सांग. बाबा प्यायलेले का?"

मी उठले, खिडकीशी गेले, परत आले. म्हटले, "कधीमधी घ्यायचे. त्या दिवशी घेतली होती की नाही, मला माहीत नाही रे. काच मात्र मी पाहिली."

"मला वाटायचं, काचेचं तू मनाच्या समाधानासाठी धरून बसलीस."

"असेलही."

त्याने तोंडावरून हात फिरवला. "दारूचं आपल्याला आता कळणार नाही. काचेचं कळतं," म्हणाला, आणि चपला घालून निघाला. "ते मंद मशीन घेऊन येतो. तू झोप."

म्हणून कलम तीनमधली अट मी रद्द करते. होडीतला हिस्सा धाकूभाऊजींना बिनशर्त द्यावा. जे मला ठाऊक नाही त्याबद्दल मी त्यांचे तोंड बांधू शकत नाही. कलम चारही बदलते. गाळा, अवजारे आणि येणारे मशीन यांवर पूर्ण मालकी बाळची. तुळसाला याची कल्पना दिली आहे, तिची हरकत नाही.

हे सर्व अमलात आणायचे काम शेजारीण रतन म्हात्रे हिने पाहावे. वरच्या दुरुस्त्या माझ्याच आहेत. सही होईपर्यंत बाळ आलेला नाही. जिन्यावर पाऊल वाजले की मी उठते.

मनुबाई भिवाजी तांडेल (सही)

मनुबाईंनी आमच्यादेखत सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही केली:
१. धोंडिबा राघू शेलार, कल्याण (सही)
२. रतन विठू म्हात्रे, दिवा (सही)

मुक्काम दिवा, तालुका व जिल्हा ठाणे
शनिवार, दिनांक २० नोव्हेंबर १९९३