गॅरेजला बाजूचं दार

४ नोव्हेंबर, सोमवार

गॅरेजच्या भिंतीवर कुणीतरी खडूनं दार आखलंय! बागेच्या बाजूला. सकाळी कपडे वाळत घालायला गेले तेव्हा दिसलं. घर माझ्या नावावर, आणि भिंतीला भोक पाडायचं ठरलेलं मला खडूकडून कळतंय.

सुनेला विचारलं. "त्यांनाच विचारा ना आई," म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. एरवी हिला पुरे म्हणावं लागतं. आज एका वाक्यात आटपलं, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

संध्याकाळी मुलाला गाठलं. म्हणाला, शटर जड झालंय, वर-खाली करून खांदा धरतो. अरे, पण तू शटर उघडतोस कधी? गाडी तर महिनाभर रस्त्यावरच लावतोयस! एवढं म्हटलं तर आंघोळीला निघून गेला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

शिवणाची टेप नेऊन खूण मोजली. बेचाळीस इंच रुंद. आमचं पुढचं दारसुद्धा एवढं नाही. एवढ्या दारातून काय आणायचंय? की न्यायचंय?

७ नोव्हेंबर, गुरुवार

गवंडी आला. दिवसभर ठाकठोक. धूळ पार चहाच्या डब्यात.

माणूस बोलका आहे. चहा देताना सहज विचारल्यासारखं विचारलं, उंबरा केवढा करणार? तर म्हणाला, उंबरा नाहीच आजी, साहेबांनी बजावलंय, चाकं अडतात. बाहेर उतार करायचाय. आत पलंग येणार, आणि पलंगाशेजारी भिंतीला धरून उठायला दांडी.

चाकं. पलंग. दांडी.

माझे गुडघे दुखतात, मान्य. जिना चढताना मधे थांबते, तेही मान्य. पण चाकाच्या खुर्चीत अजून बसले नाही मी! म्हणजे असं ठरलंय तर. गाडी रस्त्यावर आणि आई गाडीच्या जागी.

तोंडावर विचारायचा धीर होत नाही. "हो" म्हणाला तर? आयुष्यात कुणाला घाबरले नाही, आता पोटच्या पोराच्या एका शब्दाला घाबरतेय.

९ नोव्हेंबर, शनिवार

हे गॅरेज बांधलं याच्या बापानं. गाडी नव्हती, गाडी घ्यायची ऐपत नव्हती, गॅरेज मात्र आधी. बाजारात तुरी! शटरला कुलूप, कुलपाला एकच किल्ली. दुसरी करून आणतो म्हणून एका सकाळी पुढच्या दारानं बाहेर पडला, तो गेलाच. दार लोटूनसुद्धा घेतलं नाही. पोरगं चौथीत होतं. पुढं कळलं, दुसऱ्या शहरात आहे, कुणा बाईबरोबर आहे, मजेत आहे.

मी शोधायला गेले नाही. त्याच गॅरेजमध्ये मशीन टाकलं आणि शाळेचे गणवेश शिवले. कुकरची शिट्टी झाली की आतल्या दारानं स्वयंपाकघरात, गॅस बंद केला की परत मशीनवर. पाय मशीनवर आणि डोक्यात त्याची खरडपट्टी. समोर आला तर काय काय सुनावायचं, ते रोज घोकायची. अजून तोंडपाठ आहे.

मुलाचं शिक्षण त्या खोलीतून निघालं. आता माझी रवानगीही तिथंच. वा रे न्याय.

१० नोव्हेंबर, रविवार

आजही ऑफिसचं काम म्हणून सकाळीच गेला. रविवारी कसलं मेलं ऑफिस? वर्षभर हेच चाललंय.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सुतारानं दार बसवून दिलं. बाहेरच्या बाजूला उघडतं. चांगलं आहे, खोटं कशाला बोलू.

दुपारी सून कापड घेऊन आली. गॅरेजच्या खिडकीला पडदा हवाय, खाली दुमड घालून द्याल का? मान खाली घालून विचारलं तिनं. म्हणजे मला ठेवायच्या खोलीचा पडदा मीच शिवायचा! बरं म्हटलं. शिवला. टीप वाकडी गेली. माझ्या हातची टीप वाकडी जात नाही कधी.

संध्याकाळी विटा आल्या. आता कशाला विटा, म्हणून विचारलं. गवंडी म्हणाला, आतलं दार बुजवायचंय उद्या, स्वयंपाकघरातलं.

माझं आतलं दार. म्हणजे गॅरेजमध्ये नुसतं ठेवायचं नाही, घरापासून तोडायचं. सून दोनदा जेवायला बोलवायला आली, दोनदा भूक नाही म्हटलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी खुर्ची उचलून आतल्या दारात ठेवली आणि बसले. पाठ स्वयंपाकघरात, पाय गॅरेजमध्ये. गवंडी घमेलं घेऊन उभा. आजी, माल सुकतोय म्हणाला. म्हटलं, सुकू दे. बुजवायचंच तर मला धरून बुजव.

त्यानं मुलाला फोन लावला. मुलगा ऑफिसातून धावत आला, गवंड्याला बागेत पाठवलं आणि माझ्यापुढं खाली बसला. सिमेंटच्या धुळीत, कपड्यांची पर्वा न करता.

"आई, तुला नाही ठेवत इथं. असं वाटलं तरी कसं तुला? बाबांना आणतोय."

आधी कळलंच नाही मला, कुठले बाबा.

मग सगळं सांगितलं. वर्षापूर्वी निरोप आला होता. त्याचं अर्धं अंग गेलंय. ज्या बाईकडे राहत होता ती वारली, आणि आता दवाखाना म्हणतो घरी न्या. घर कुठलं? दर रविवारी हा तिकडे जात होता. हेच ते ऑफिस! बाजूचं दार कशासाठी, तर बापाला माझ्या पुढच्या दारातून आणायला नको. आतलं दार बुजवायचं कशासाठी, तर मला त्याचं तोंड दिसायला नको, खोकला ऐकू यायला नको. सगळं म्हणे माझ्याच मनाचा विचार करून.

"ज्यानं टाकलं त्याला दार, आणि जिनं सांभाळलं तिला भिंत," मी म्हणाले. आवाज चढवला नाही.

तो रडला. चौथीत रडायचा तसाच, नाक ओढत. म्हणाला, "मग मी काय करू ते तूच सांग."

मी खुर्चीवरून उठले नाही. माल वाया गेला. गवंडी उद्या बघू म्हणून गेला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

धाकट्या बहिणीला फोन केला. ये म्हणाली, कितीही दिवस राहा. पिशवी भरली. चार साड्या, औषधं, चष्मा.

सून पलंगाच्या कडेला येऊन बसली. म्हणाली, तुम्ही नाही म्हणालात तर हे त्यांना आणणार नाहीत, तसं कालच ठरवलंय. कुठंतरी सोय बघतील. म्हणजे ओझं पुन्हा माझ्याच डोक्यावर! तो तिकडे कुठल्या कोपऱ्यात पडला, तर माझ्या नकारानं पडला असं होणार. आणला, तर मी खाल्लेल्या खस्तांना काही किंमतच नाही असं होणार.

जाता जाता म्हणाली, "त्यांना बोलता येत नाही आई. तोंडातून शब्द फुटत नाही."

हे ऐकलं आणि डोकंच फिरलं. इतकी वर्षं एकच विचारायचं ठेवलं होतं, का गेलास? आता उत्तरसुद्धा मिळणार नाही. यातूनही सुटला मेला! पिशवीची चेन ओढली ती तुटून हातात आली.

मग रडले. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, काय माहीत.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बहिणीला कळवलं, येत नाही.

मुलाला एकच विचारलं, त्याला ऐकू येतं का? म्हणाला, येतं ना आई, स्वच्छ येतं.

गवंड्याला सांगितलं, विटा परत ने. आतलं दार राहू दे. कडी तेवढी माझ्या बाजूनं लाव.