चिंचेचा ओंडका

८ जानेवारी १९५६, रविवार
नवीन वर्षाचा संकल्प आठ दिवस उशिरा का होईना, पण पक्का. यंदा कुणाचं ऐकून घ्यायचं नाही. सुरुवात घरापासून.
आमची लेक शेवंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. पाणी तापवायला सरपण हवं. बायकोने, कमळीने, मला बाभळीची फोडलेली लाकडं आणायला शिवडीच्या वखारीत धाडलं. मी चिंचेचा अख्खा ओंडका आणला. बायकांना लाकडातलं कळत नाही. जळायला चिंच नंबर एक, बाभूळ नंबर दोन. आंबा म्हणजे नुसता धूर, आंबा विकणाऱ्याला चाबकाने फोडला पाहिजे. वखारवाला ओंडका देताना सारखा हसत होता. पारखी गिऱ्हाईक त्याला रोज मिळत नसणार. हातगाडीवाल्याने वाटेत शिव्या घातल्या. त्याचा मुडदाच पाडणार होतो, पण मग गाडी कोणी ढकलली असती?
हा फोडणार कोण, असं कमळीने विचारलं. मी म्हटलं, मी. ती आत जाऊन भांडी आपटू लागली.

१० जानेवारी
शेजारच्या दगडूची कुऱ्हाड आणली. मी मिलमध्ये टाइमकीपर असलो तरी मनगट कोकणातलं आहे. उद्या चार घाव, चार फाकी. खांडोळी करतो.

११ जानेवारी
पहिला घाव. कुऱ्हाड ओंडक्यावरून उसळली ती थेट दगडूच्या रांजणात. गॅलरीभर पाणी. रांजण कच्चा भाजलेला होता, हे मी त्याला शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, तुझे हात मुळापासून तोडतो. मी कॉलर धरली. चाळीने सोडवलं म्हणून, नाहीतर आज त्याचा खून होता. ओठ फुटलाय. माझा.

१३ जानेवारी
दोष धारेचा. धार लावली. कुऱ्हाड आता उत्तम चालते, अंगठ्याला पाच टाके. ओंडक्यावर ओरखडे पडले आहेत. हरामखोर आतून खचला असणार.

१४ जानेवारी, संक्रांत
दगडू तिळगूळ घेऊन आला, गोड बोला म्हणाला, आणि त्याच दमात रांजणाचं काय म्हणून विचारलं. लाडू त्याच्याच तोंडावर फेकून मारला. डोळा सुजला. त्याच्या बायकोचे लाडू टणक होतात, यात माझा काय दोष?

१७ जानेवारी
काल रेडिओवर सांगितलं, मुंबई केंद्राच्या ताब्यात. सगळा भाग पेटलाय. दगड, अश्रुधूर, टायर. लालबागकडून गोळ्यांचा आवाज येतोय. माणसं मेली म्हणतात. भीती वाटली. हे फक्त इथे लिहितो, बाहेर मी मुठी आवळून फिरतोय.
कर्फ्यू लागला. वखारी बंद. घरात काडी नाही, केरोसीन नाही आणि शेवंतीचे दिवस भरलेत. मी कमळीला धीर दिला की ओंडका आहे. ती म्हणाली, त्या चिंचेक लावा आग. लागत असली तर.

१८ जानेवारी, सकाळी
आज निकाल. ओंडका गडगडवत खाली अंगणात नेला. प्रत्येक घावाला ‘मुंबई आमची’ म्हणायचं ठरवलं, त्याने जोर येतो. जोर फार आला. फाटकातून पोलीस आत. कर्फ्यूत हातात कुऱ्हाड आणि तोंडात घोषणा पाहून त्यांचा गैरसमज झाला. मी म्हटलं, हवालदारसाहेब, लाकूड फोडतोय. त्याने ओंडका निरखून पाहिला आणि म्हणाला की फोडलेलं लाकूड दाखव. ते नव्हतं.
लाठीचे दोन तुकडे झाले. माझा एकही नाही. शेवटी तेच निघून गेले.

दुपारी
पालथा पडून लिहितोय. शेवंतीला कळा सुरू. बाहेर जायची सोय नाही म्हणून खालच्या गंगुबाई सुईणीला वर आणलंय. ती गरम पाणी मागतेय. तेवढ्यात ठोकण्याचा आवाज. कमळी वरवंट्याने माझी खुर्ची फोडतेय. बाबांची सागवानी आरामखुर्ची! पाय धरायला दगडू. मी ओरडलो. ती म्हणाली, म्हयनोभर तुमका बसाक येवचा नाय, मगे खुर्ची कित्याक व्हयी?
लाठीचे तुकडेही चुलीत गेले.

चार वाजता
मुलगी झाली. दोघी सुखरूप. तिचं रडणं ऐकून मलाही रडू आलं. उशी तोंडाखाली होतीच.
सागवान झकास जळतं. नंबर दोन द्यायला हरकत नाही.

२९ जानेवारी, रविवार
अजून पालथाच. बुधाजी खाटीक ओंडका बघायला आला. मटण तोडायला चिंचच लागते म्हणे, कारण ती काही केल्या फुटत नाही. असा ओंडका तो कधीपासून शोधत होता. शेवंतीच्या सुपासाठी पाये द्यायचं कबूल केलं. म्हणजे माझी पारख बरोबरच होती, पण तसं कोणी बोललं नाही.
नेताना त्याने वरून हात फिरवला आणि विचारलं, ह्यावर पोराटोरांनी खरवडलंय काय?
होय, कमळी म्हणाली, घरातलोच एक आसा.
दगडू हसला. मला वळता आलं नाही.