दातांची वेबसाइट आणि माझी कार्यपद्धत

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, त्यामुळे तशीही वाकलेलीच आहे). तुमचा गुडघा आणि मामीचा रक्तदाब, दोघेही शहाण्यासारखे वागत असतील अशी आशा.

चांगली नोकरी सोडून वेबसाइटी बनवायला लागलीस, पुढे काय, असं तुम्ही विचारलंत. पुढे आमच्या खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. पेशंटनी घरबसल्या वेळ ठरवावी, अशी वेबसाइट त्यांना हवी होती. माझं पहिलंच काम! वेबसाइटच्या क्लासमध्ये बजावलं होतं, आधी कामाची पद्धत निवडा. एकीत सगळं आधी लिहून, सही घेऊन मगच बांधायचं. दुसरीत थोडं थोडं करून दर आठवड्याला दाखवायचं. मला दोन्ही आवडल्या (चपलांच्या दुकानातही माझं असंच होतं).

पहिली घेतली. एकेचाळीस पानं लिहिली. डॉक्टरांनी एका हाताने कुणाचा तरी जबडा धरून दुसऱ्याने सही केली. दोन महिने मी मान वर केली नाही. दाखवायला गेले तर म्हणाले, "छान आहे. पण एवढा मोठा दात कशाला? माणसं पळून जातील." तो दात सतराव्या पानावर होता, सहीसकट.

मग दुसरी पद्धत. दर शुक्रवारी मी लॅपटॉप घेऊन खाली. तोंडात कापूस असलेली माणसंसुद्धा मत देत. एकजण "आँ!" म्हणाले, ती मी पसंती धरली आणि वेळ ठरवायचं बटण हिरवं केलं (ती सुई होती, हे मागाहून कळलं). या पद्धतीत रोज सकाळी उभ्याने बैठक घेतात. टीममध्ये मी एकटी, म्हणून आईला उभं केलं. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय? आई म्हणाली, "काल स्वयंपाक केला, आज स्वयंपाक करणार, अडचण तू."

आणि एका शुक्रवारी दाखवायला चालू केलेली अर्धवट वेबसाइट बंद करायची राहिली. सोमवारी सकाळी दहाला एकोणीस माणसं गाल धरून दारात! माझं हिरवं बटण ज्याला त्याला दहाचीच वेळ देत होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की भूल मलाच हवी होती. मी जिन्यात जाऊन रडत बसले (हे आईला कळू देऊ नका). इकडे काउंटरवरच्या बाई उठल्या. वीस वर्षं वेळांची वही त्याच सांभाळतात. ठणका असलेले आधी, नुसती सफाई असलेले संध्याकाळी, घाबरटांना किंचाळ्या ऐकू येणार नाहीत अशा कोपऱ्यात. अर्ध्या तासात सगळे मार्गी. मग जिन्यात येऊन म्हणाल्या, "खुर्चीतल्या प्रत्येकाला विचारलंस. मला नाही विचारावंसं वाटलं?"

पुढचे तीन दिवस त्यांच्याशेजारी स्टूल टाकून बसले आणि त्या सांगतील तसं करत गेले. आता वेबसाइट सुरळीत चालते. या पद्धतीला काय म्हणतात, ते क्लासमध्ये शिकवलं नव्हतं.

मामीला नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. डॉक्टरांच्या मेहुण्यांना फर्निचरच्या दुकानाची वेबसाइट हवी आहे. त्यांनी विचारलं, तुमची कार्यपद्धत कोणती? मी म्हटलं, ते आमचे वरिष्ठ सांगतील, आणि तुमचा नंबर दिला. आवाज भारदस्त ठेवा.

आणखी ता. क. आमची बारा जणांची कंपनी आहे, असंही मी बोलून गेले आहे. फोन आला की मामीला मागे थोडा गलका करायला सांगा.